मलनियंत्रण : श्रोणितलाच्या स्नायूंचे पुनर्शिक्षण

मलविसर्जनावर ताबा ठेवण्यास मूल साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकते आणि पुढे आयुष्यभर त्या गोष्टीचा विचारही मनात येत नाही. हा ताबा सुटला म्हणजे मात्र माणसाचा सारा दिनक्रम त्या एकाच चिंतेभोवती फिरू लागतो. एस. टी.चा लांबचा प्रवास बंद होतो, लग्नकार्याचे निमंत्रण टाळले जाते, पंगतीत बसण्याचे भय वाटते, देवदर्शन थांबते. घरातील माणसांनाही खरे कारण सांगितले जात नाही. ‘तब्येत बरी नाही’ एवढ्यावर निभावून नेले जाते. वैद्यकीय परिभाषेत या विकाराला मल-असंयम म्हणतात. रोखण्याचा प्रयत्न करूनही, किंवा कळण्यापूर्वीच, घट्ट अथवा पातळ मल बाहेर पडणे हे त्याचे लक्षण होय. वायू रोखता न येणे ही त्याच विकाराची सौम्य पायरी आहे.

हा विकार दुर्मीळ असावा असा समज आहे, तो केवळ त्याविषयी कोणी बोलत नाही म्हणून. अमेरिकेत २००५-०६ साली झालेल्या राष्ट्रव्यापी आरोग्य पाहणीत, स्वतःच्या घरी राहणाऱ्या प्रौढांपैकी ८.३ टक्के व्यक्तींनी गेल्या महिन्याभरात असा प्रसंग एकदा तरी आल्याचे सांगितले. विशीतील लोकांत हे प्रमाण २.६ टक्के, तर सत्तरीपुढील लोकांत १५.३ टक्के होते. स्त्रिया व पुरुष यांच्या प्रमाणात फारसे अंतर नव्हते, ही बाबही लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडील मौनाची कल्पना यावयाची असेल, तर गडचिरोली जिल्ह्यातील एका पाहणीचे स्मरण करावे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता. परंतु पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. ती पाहणी मल-असंयमाची नव्हती. तथापि, जे दुखणे सांगण्यास जीभ धजत नाही ते किती काळ व किती घरांत दडून राहू शकते, हे तिने सर्व जगास दाखविले.

या विकारावर शस्त्रक्रियेवाचून करता येण्याजोगा एक उपचार आहे. त्यात स्नायूंना बळ द्यावयाचे असते हे खरे. पण त्याहीपेक्षा त्यांना योग्य क्षणी योग्य काम करण्यास पुन्हा शिकवावयाचे असते. हे ‘शिकविणे’ म्हणजे नेमके काय, हे कळण्यासाठी आधी शरीराची रचना पाहिली पाहिजे.

झोळी, गोफण आणि दोन कडी

ओटीपोटाच्या पोकळीचा तळ हाडांनी बंद केलेला नाही. पुढे जघनास्थी, मागे माकडहाड आणि दोन्ही बाजूंस कटीची हाडे यांच्या दरम्यान स्नायूंची एक झोळी ताणून बसविलेली असते. हेच श्रोणितल. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना ही झोळी खालून सावरून धरते. तिच्यातील एक स्नायू जघनास्थीपासून निघून गुदाशयाच्या मागून वळसा घेतो आणि पुन्हा जघनास्थीकडेच परततो. गोफणीत दगड बसावा तसा गुदाशयाचा खालचा भाग त्याच्या वळशात बसलेला असतो. हा स्नायू पुढे ओढ देत असल्यामुळे गुदाशय व गुदमार्ग यांच्यामध्ये जवळजवळ काटकोन पडतो आणि मल आपोआप खाली उतरत नाही. शौचास बसल्यावर ही ओढ सैल पडते आणि मार्ग सरळ होतो. उकिडवे बसल्यास तो अधिक सरळ होतो. म्हणूनच आपली जुनी बैठक शरीररचनेस अनुकूल म्हटली जाते. गुडघे धरलेल्या वृद्धांना ती जमत नाही, आणि त्यांनी हट्टाने ती धरूही नये. कमोडवर बसून पायांखाली बुटका पाट घेतला तरी पुष्कळ काम होते.

गोफणीच्या खाली, गुदमार्गाभोवती, दोन वर्तुळाकार स्नायू असतात. आतला संकोचक स्नायू आपल्या इच्छेच्या अधीन नाही. तो दिवसरात्र आवळलेला असतो आणि विश्रांतीच्या वेळी मार्ग बंद ठेवण्याचे बहुतेक काम तोच करतो. बाहेरचा संकोचक स्नायू आपल्या हुकमतीत असतो. त्याच्याकडे आज्ञा पोहोचविणारा मज्जातंतू त्रिकास्थीतून निघणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या तंतूंपासून बनलेला असतो.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. मल गुदाशयात उतरला की गुदाशय किंचित ताणला जातो. त्यासरशी आतला संकोचक क्षणभर आपोआप सैल होतो आणि जे आले आहे त्याचा थोडासा अंश गुदमार्गाच्या वरच्या, अतिशय संवेदनाक्षम अस्तराला लागतो. वायू आहे, पातळ आहे की घट्ट आहे, याचा निवाडा तेथे होतो. निसर्गाने या बोटभर जागेला किती सूक्ष्म पारख दिली आहे, याचे नवल वाटते. सोयीची वेळ नसेल तर बाहेरचा संकोचक व गोफणीचा स्नायू आवळले जातात. त्यांना हा आवळ फार वेळ धरता येत नाही. मिनिटभराच्या आत ते थकू लागतात. परंतु तेवढी उसंत पुरते, कारण दरम्यान गुदाशयाची भिंत सैलावून आतील द्रव्य सामावून घेते, आतला संकोचक पुन्हा आवळतो आणि शौचाची भावना ओसरते.

म्हणजे नियंत्रण हे केवळ स्नायूंच्या ताकदीवर अवलंबून नाही. संवेदना वेळेवर कळली पाहिजे, आवळ वेळेवर बसला पाहिजे, आणि तो काही क्षण टिकला पाहिजे. या तिहींपैकी एक दुवा तुटला तरी ताबा सुटतो. ज्यांना मल उतरल्याचे कळतच नाही त्यांचे कपडे नकळत खराब होतात. ज्यांना कळते पण आवळ टिकत नाही, त्यांची धावपळ होते आणि वाटेतच अपघात घडतो.

दुवा कोठे तुटतो

स्त्रियांच्या बाबतीत बाळंतपण हे महत्त्वाचे कारण आहे. मूल बाहेर येताना योनी व गुदद्वार यांमधील भाग फाटतो तेव्हा ती चीर कधी कधी संकोचक स्नायूंपर्यंत जाते. चिमट्याने प्रसूती करावी लागणे, मूल वजनाने मोठे असणे, पहिलेच बाळंतपण असणे, यांमुळे हा धोका वाढतो. लंडनमधील संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, नैसर्गिक मार्गाने प्रथमच प्रसूत झालेल्या ७९ स्त्रियांची सहा आठवड्यांनी सोनोग्राफी केली असता २८ जणींच्या संकोचक स्नायूत दोष आढळला. हे दोष बाहेरून दिसत नाहीत असे तेव्हा मानले गेले. पुढे २००६ साली त्याच परंपरेतील संशोधकांनी दाखवून दिले की, यांपैकी बहुतेक इजा प्रसूतीनंतर लगेच प्रशिक्षित व्यक्तीने बोटाने नीट तपासल्यास सापडतात. त्या दिसत नव्हत्या असे नाही, पाहिल्या जात नव्हत्या. प्रसूतिगृहात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा. वेळीच ओळखून शिवलेली चीर आणि न ओळखता राहिलेली चीर यांमध्ये त्या स्त्रीच्या पुढील अनेक वर्षांचे अंतर असते.

तारुण्यात अशी इजा झालेली स्त्री उरलेल्या स्नायूंच्या बळावर वर्षानुवर्षे निभावून नेते आणि ऋतुनिवृत्तीनंतर तोल जातो, असेही पुष्कळदा घडते. मूळव्याध किंवा भगंदराच्या शस्त्रक्रियेत स्नायूला झालेली इजा, दीर्घकाळचा मधुमेह, पक्षाघात, मणक्याचे विकार, वर्षानुवर्षे कुंथण्याची सवय, ही अन्य कारणे स्त्री-पुरुष दोघांतही आढळतात.

वृद्धांच्या बाबतीत एक फसवे कारण स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. बद्धकोष्ठतेमुळे गुदाशयात मलाचा कठीण गोळा अडकून बसतो आणि त्याच्या बाजूने पातळ मल झिरपत राहतो. घरच्यांना वाटते, आजोबांना जुलाब होत आहेत. मग जुलाब थांबविण्याचे औषध दिले जाते आणि गोळा अधिकच घट्ट होतो. अशा रुग्णाला आधी पोट साफ होण्याचा उपचार लागतो. व्यायामाची गोष्ट त्यानंतरची. म्हणून डॉक्टरांनी तपासल्यावाचून कोणताही उपाय सुरू करू नये.

केगेल यांच्यापासून बाल्टिमोरच्या फुग्यांपर्यंत

श्रोणितलाच्या स्नायूंना व्यायाम देण्याची कल्पना प्रतिष्ठित केली ती अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी. बाळंतपणानंतर लघवीवरील ताबा सुटलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी या स्नायूंचा क्रमशः वाढत जाणारा व्यायाम सुचविला आणि १९४८ साली त्यावरील लेख प्रसिद्ध केला. स्नायू किती जोराने आवळला जातो हे रुग्णाला स्वतः पाहता यावे यासाठी त्यांनी दाब दाखविणारे एक साधे उपकरणही बनविले होते. आज ‘केगेलचे व्यायाम’ हे नाव सर्वतोमुखी झाले आहे, पण त्या उपकरणाचा विसर पडला आहे. रुग्णाला आपला स्नायू ‘दिसला’ पाहिजे, हा केगेल यांचा आग्रह होता.

हाच आग्रह मल-असंयमाच्या क्षेत्रात १९७४ साली बाल्टिमोर येथे बर्नार्ड एंगल, मार्व्हिन शुस्टर व त्यांच्या सहकाऱ्याने पुढे नेला. गुदाशयात एक व दोन्ही संकोचकांच्या जागी एकेक असे लहान फुगे ठेवून त्यांनी ते नोंद करणाऱ्या यंत्राला जोडले. गुदाशयातील फुगा फुगविला की मल उतरल्याची संवेदना निर्माण होई. त्याच क्षणी बाहेरचा संकोचक आवळला गेला की नाही हे कागदावर उमटणाऱ्या रेषेत रुग्णाला दिसे. हळूहळू रेषा पाहण्याची मुभा काढून घेत. यंत्राविना तीच क्रिया साधू लागली म्हणजे शिक्षण पूर्ण झाले. या पद्धतीला बायोफीडबॅक म्हणतात. आज फुग्यांऐवजी बहुधा एक बारीक कांडी व संगणकाचा पडदा असतो, परंतु तत्त्व तेच आहे.

आपल्याकडील वाचकाला येथे अश्विनी मुद्रेची आठवण होणे स्वाभाविक आहे. घेरंडसंहितेत गुदद्वाराचे वारंवार आकुंचन-प्रसरण करण्याची ही मुद्रा वर्णिलेली आहे आणि तिच्यात व या व्यायामात साम्य आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि, ज्याचा स्नायू फाटलेला आहे किंवा ज्याला संवेदनाच कळत नाही, त्याने केवळ मुद्रा करीत राहून भागत नाही. बिघाड कोठे आहे हे आधी तपासून त्याप्रमाणे अभ्यास ठरविणे, हा भौतिकोपचाराचा विशेष आहे.

प्रत्यक्ष अभ्यासक्रम

भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम रुग्णाकडून एक-दोन आठवड्यांची नोंदवही मागतो : शौच किती वेळा, मल कसा, अपघात केव्हा, त्यापूर्वी काय खाल्ले, भावना कळली होती की नाही. नंतर रुग्णाच्या संमतीने हातमोजा घालून बोटाने तपासणी होते. स्नायू किती जोराने आवळतो, किती सेकंद टिकतो, किती वेळा सलग आवळता येतो हे पाहिले जाते. स्त्री-रुग्णाला स्त्री-तज्ज्ञ मागण्याचा किंवा सोबत कोणी बसविण्याचा अधिकार आहे आणि तो तिने निःसंकोच वापरावा.

मग व्यायाम शिकविला जातो. चारचौघांत बसले असता वायू रोखून धरण्यासाठी आपण जी क्रिया करतो, तीच ही क्रिया. गुदद्वार आवळून आत व वर ओढावयाचे. ऐकण्यास सोपे वाटते, पण अनेकांकडून नेमके उलट घडते. ते कुंथतात, म्हणजे झोळी वर उचलण्याऐवजी खाली लोटतात. काही जण श्वास कोंडतात, काही नितंब व मांड्या आवळतात आणि मूळ स्नायू निष्क्रियच राहतो. केवळ कागदावरचे वर्णन वाचून केलेला व्यायाम फसतो तो या ठिकाणी. पहिल्या भेटीत चूक कोणी दाखवून दिली, तर पुढील तीन महिन्यांचे श्रम सार्थकी लागतात.

आवळ पाच सेकंद धरता येत असेल तर पाचापासून आरंभ करावा, तितकीच विश्रांती घ्यावी आणि जमेल तसे दहा सेकंदांपर्यंत जावे. असे आठ ते दहा आवळ, त्यानंतर काही झटपट आवळ-सैल, आणि हा क्रम दिवसातून तीन वेळा. आरंभी निजून, मग बसून, मग उभ्याने. आवळण्याइतकेच पूर्ण सैल सोडणेही महत्त्वाचे आहे. खोकताना, शिंकताना, पाण्याची कळशी उचलताना आधी आवळ देण्याची सवय लावावी. स्नायूला बळ येण्यास किमान तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडून देणारे रुग्ण फार.

यापुढचा भाग कमी प्रसिद्ध आहे, पण माझ्या मते तोच अधिक मोलाचा. घाईची भावना आली की रुग्ण धावत सुटतो. धावताना पोटातील दाब वाढतो आणि आधीच दुबळा असलेला स्नायू लवकर थकतो. त्याऐवजी जागीच थांबावे किंवा बसावे, स्नायू आवळावा, श्वास संथ ठेवावा आणि लाट ओसरल्यावर सावकाश चालत जावे. हा धीर एका दिवसात येत नाही, म्हणून त्याचाही क्रमवार सराव असतो. प्रथम शौचकूपावर बसूनच एक मिनिट रोखून धरावयाचे. तेथे अपघाताचे भय नसते. मग पाच मिनिटे, मग दहा. ते साधले की शौचालयाबाहेर उभे राहून, आणि पुढे क्रमाने अधिक दूर जाऊन. ज्यांना संवेदना उशिरा कळते त्यांच्यासाठी फुग्यातील हवा प्रत्येक वेळी थोडी कमी करीत, कमी ताणही ओळखण्यास शिकविले जाते.

याच्या जोडीने मल बांधून येईल असे पाहावे लागते, कारण पातळ मल सशक्त स्नायूलाही दाद देत नाही. घरोघरी ओळखीचा इसबगोल येथे उपयोगी पडतो. तो पाणी शोषून पातळ मलाला घट्टपणा देतो. चहा-कॉफीने घाई वाढते. काहींना दूध सोसत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन या औषधाने अनेकांना पातळ शौचास होते; तसे असल्यास ते मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या न्याहारीनंतर, आतड्याची हालचाल स्वभावतःच वाढते. ती वेळ शौचासाठी ठरवून घेतल्यास दिवसभराचे भय कमी होते. लोपेरामाईडसारखे औषध वैद्यकीय सल्ल्याने घेता येते. त्वचेची आग होऊ नये म्हणून पाण्याने धुऊन, हलक्या हाताने टिपून, जस्ताचे मलम लावावे. धुण्याची आपली पद्धत या बाबतीत हितकारकच आहे.

यंत्र हवे की शिक्षक?

या उपचाराचा गुण किती, याविषयी उपलब्ध पुरावा एकमुखी नाही आणि तो जसा आहे तसाच मांडणे योग्य. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात १७१ रुग्णांची चार गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला परिचारिकेचा सल्ला, दुसऱ्याला सल्ला व व्यायाम, तिसऱ्याला त्यावर रुग्णालयातील बायोफीडबॅक आणि चौथ्याला शिवाय घरी वापरण्याचे यंत्र देण्यात आले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चारही गटांतील सुमारे निम्म्या रुग्णांना आराम पडला, तो वर्षभर टिकला आणि यंत्राने त्यात काही भर पडली नाही. उलट, नॉर्थ कॅरोलिना येथील २००९ च्या अभ्यासात आधी सर्वांना माहिती व औषधोपचार देण्यात आले. तेवढ्याने समाधान झालेल्यांना वगळून उरलेल्या १०८ रुग्णांत बायोफीडबॅक घेणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांना, तर केवळ व्यायाम करणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांना पुरेसा आराम मिळाला. पुढे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ३०० स्त्रियांच्या अभ्यासात सर्वच गट सुधारले; बायोफीडबॅकसह दिलेला व्यायाम माहितीपत्रकापेक्षा निश्चितपणे सरस ठरला नाही.

या तीन अभ्यासांतून मला दिसते ते असे की, कोणी तरी आस्थेने विचारणे, बिघाड समजावून देणे, मल बांधून येण्याची व्यवस्था करणे आणि सराव नीट चालला आहे ना हे पाहत राहणे, एवढ्यावर बराच मोठा वर्ग सुधारतो. यंत्राचे प्रयोजन आहे ते त्यानंतर उरणाऱ्यांसाठी. ग्रामीण भागाच्या दृष्टीने ही गोष्ट मोठ्या आशेची आहे, कारण यंत्र तालुक्याच्या गावी नसले तरी पहिली पायरी तेथे चढता येते. अर्थात सर्वांना गुण येतो असे नाही. स्नायू मोठ्या प्रमाणात फाटलेला असल्यास तो शिवण्याची शस्त्रक्रिया करतात. मात्र तिचा लाभ वर्षे जातील तसा कमी होत जातो. निवडक रुग्णांत त्रिकास्थीजवळील मज्जातंतूंना सौम्य विद्युत उत्तेजन देणारे उपकरण त्वचेखाली बसवितात; ते खर्चिक आहे.

काही लक्षणे असल्यास व्यायामात वेळ घालवू नये. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, शौचाच्या सवयीत अलीकडे झालेला बदल, यांसाठी त्वरित तपासणी करावी. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतील भागास बधिरता आली आणि लघवी अडली वा सुटली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मणक्यातील मज्जातंतू दाबले गेल्याचे ते चिन्ह असू शकते.

देशातील पहिले भौतिकोपचार विद्यालय १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सुरू झाले, ते पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांचे प्रश्न समोर असताना. तेव्हापासून भौतिकोपचार म्हटले की हात, पाय, गुडघा, कंबर हेच डोळ्यांसमोर येते. श्रोणितलाचे विकार घेऊन या विभागाच्या दारी जाता येते, हे रुग्णांना ठाऊक नसते आणि पुष्कळदा डॉक्टरही त्यांना तेथे पाठवीत नाहीत.

खेड्यातील बाळंतिणीपर्यंत पोहोचणारी वाट मात्र आधीच तयार आहे. गडचिरोलीतील घरोघरीच्या नवजात बालसेवेच्या अनुभवाचा आधार घेऊन २०११ पासून देशभर आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातेकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशाताई जाते. बाळाचे वजन व ताप पाहून झाल्यावर, सासू पाणी आणावयास उठली असता, तिने आईला हळूच एवढेच विचारावे : ‘बाई, वायू किंवा शौचास रोखून धरता येते ना? कपड्याला कधी लागते का?’ बेचाळिसाव्या दिवशीही उत्तर ‘लागते’ असे आले, तर त्या मातेला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे न्यावे आणि प्रसूतीच्या वेळी चीर गेली होती काय, टाके किती होते, हे तिच्या कागदपत्रांतून पाहून घ्यावे. पुढील बाळंतपण कोठे व कसे करावयाचे, हे ठरविण्यासही ती नोंद लागते.